परात

पडोळे सरांनी फळ्यावर लिहिलं : सहल – समुद्रकिनारा.
मग समुद्र पुसला, बोटानंच, डस्टर सापडेना.
किनारा राहू दिला.

समुद्र म्हणजे एक दिवस, एक रात्र रेल्वे,
डोक्यामागे दोन हजार,
आणि आमच्या शाळेच्या खात्यात
गॅसची टाकी आली की उरतात तीनशे चाळीस.
म्हणून सतरा पोरं, एक सर, आणि मी खिचडीवाली,
गंज, सराटा, परात सांभाळत
झनक मारबत्यांच्या डोंग्यातून तीन खेपांत
उतरलो वैनगंगेच्या मधोमध,
जिथं मार्चात नदी अंग उघडं टाकून झोपते.

"पाय हळू टाका," झनकभाऊ म्हणाले,
"रेती आयकते."

ओल्या काठावर पाणमांजरांचे पंजे,
मागं शेपटी ओढल्याची रेघ,
आणि माशांच्या खवल्यांनी चमकणारी घाण.
सर म्हणाले, वास घेऊन बघा.
उज्ज्वलनं खरंच घेतला.

दुर्बीण एकच, तिचा डावा डोळा फुटका.
ती सतरा हातांतून फिरेस्तोवर
पाणमांजरं तीनदा बुडाली, तीनदा निघाली,
आणि धनश्रीची पाळी आली तेव्हा नुसतं पाणी होतं.
दिसलं, म्हणाली ती.
कसं होतं गं?
"ओलं."

पुढं टेकाड. दोन पुरुष उंच,
पुरानं रचलेलं, वाऱ्यानं वर धार काढलेली.
यंदा घाटाचा लिलाव झाला नाही
म्हणून उरलेलं.
पोरं पोत्यावर बसून घसरायला गेली,
पोतं जागचं हलेना.
मग सगळी वळून माझ्याकडे पाहू लागली,
माझ्याकडे नाही, परातीकडे.

आठ वर्षं मी तिच्यात तांदूळ निवडते.
तिला कधी कुठं जायचं असेल
असं माझ्या मनात आलं नव्हतं.

सतरा जणं गेली. सर गेले, चष्मा वर ठेवून.
मग, "गोपिकामावशी! गोपिकामावशी!"
वय सेहेचाळीस, गुडघा डावा,
लुगड्याचा काष्टा खोचला आणि बसले,
सराटा हातातच राहिला.

खाली जाताना वारा तोंडात शिरतो,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
ओरडले की हसले, कळलं नाही,
आणि परात भलतीकडेच वळली,
आणि समोर, उघड्या रेतीत,
तीन अंडी.
रेतीच्याच रंगाची, वर तपकिरी शिंतोडे,
काडी नाही, गवत नाही.
सराटा रोवला. परात गर्रकन फिरली.
मी उलटी.

वरून ती आली, काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची,
माझ्या टाळूवर किंचाळत.
पोरं हसत होती, मग थांबली.
सर हळूच म्हणाले, नदी सुरय.

आम्ही लांब सरकलो, डांगरवाडीच्या कुडाजवळ,
भात आणि झिंग्यांची चटणी घेऊन बसलो.
दुपारी रेती अशी तापली
की शेंगदाणे टाकले असते तर भाजले असते.
मला आच कळते. बाकी फार काही कळत नाही,
पण किती आचेवर काय करपतं, ते कळतं.
ती पाण्याला पोट टेकवून उडाली,
तशीच निथळत येऊन अंड्यांवर बसली.
पुन्हा गेली. पुन्हा आली.
मी सोळा खेपा मोजल्या, मग जेवण वाढायचं विसरले.

परतताना उज्ज्वलनं विचारलं,
समुद्र याच्याहून मोठा असते का?
झनकभाऊ दोन हंगाम रत्नागिरीला बोटीवर होते.
वल्हं थांबवून म्हणाले,
"लय मोठा. पन पल्याडची पाळ दिसत नाही ना बापा.
हाक मारावं तं कोनाले?"

सोमवारी खिचडीत कचकच लागली.
परात मी दोनदा घासली होती,
पण तिच्या काठाला आता एक पोचा आहे,
रेती तिथं बसते.
धनश्रीनं दाताखालचा कण काढून
बोटावर धरला,
आणि पाटीच्या कोपऱ्यात ठेवून दिला.